चौकाची चौथी बाजू

मिशिगनमधल्या नोव्हाय गावात ज्या मराठी माणसानं त्र्यंबक खांबेट्यांच्या घरी एकदा चहा घेतला, त्याला इराणातलं इस्फहान शहर वेगळं बघायला जायची गरज उरत नसे. चहाला उकळी फुटेपर्यंत तो चौकात पोचलेला असायचा. विषय कुठलाही निघो. कोणी म्हणालं, मॉलचं पार्किंग वाढवलंय, की खांबेटेकाका खुर्चीत पुढे सरकायचे. "पार्किंग ते केवढं रे? आमच्या इस्फहानच्या चौकात तुझा मॉल ठेवलास तर शोधायला माणूस पाठवावा लागेल." कोणी सांगितलं, बाथरूमला निळ्या टाइल्स लावून घेतल्या, की काका नुसते हसायचे. त्या हसण्यातच बिचाऱ्याच्या टाइल्स फिक्या पडायच्या.

बढाईखोरांबद्दल लोक उगाच वाईट बोलतात. जो स्वतःच्या बंगल्याची बढाई मारतो तो कंटाळवाणा, हे कबूल. पण चारशे वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणी बांधलेल्या चौकाची कोणी बढाई मारत असेल, तर त्यात आपल्या बापाचं काय जातं? शिवाय काका सांगायचे झकास. ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत उभा जन्म काढलेला माणूस, पण चौकाचं नाव निघालं की त्यांच्या हातांना वळण यायचं. मध्ये लांबलचक हौद. समोर शाहची मशीद, निळीशार, उंच मिनारांची. डाव्या हाताला दुसरी लहान मशीद, तिला मिनार नाही आणि तिचा घुमट दुधावरच्या सायीच्या रंगाचा. उजव्या हाताला अली कापू राजवाडा, त्याचा उंच सज्जा, सज्ज्याला बारीक लाकडी खांब. तिथे बसून शाह खाली चाललेला पोलो बघायचा. आणि हौदाच्या काठाशी सायकल घेऊन उभा असलेला एक माणूस, एक पाय जमिनीवर, एक पेडलवर. तो हसन. हसन शाळामास्तर होता आणि काकांना लांबून ओळखून "खांबेटे-जान!" अशी हाक मारायचा.

चौक म्हटला की चार बाजू आल्याच. काकांच्या चौकाला तीन होत्या. नव्यानं नोव्हायला आलेल्या एखाद्या चौकस पोरानं विचारलं, "काका, आणि चौथ्या बाजूला काय?" तर काका हात झटकायचे. "तिकडे काही विशेष नाही."

चौथ्या बाजूला काही विशेष का नाही, हे जगात फक्त सरलाकाकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, ठाऊक होतं. ती बाजू डब्यावर नव्हती.

त्याचं असं झालं. अठ्ठ्याहत्तर साली त्र्यंबक आणि सरलाचं लग्न मिरजेत झालं आणि हळद उतरते न उतरते तोच कंपनीनं नवरदेवाला इराणला पाठवलं. इस्फहानबाहेर पोलादाचा मोठा कारखाना होता, तिथे क्रेन बसवायच्या होत्या. कारखान्यापासून शहर तासाभरावर. दर शुक्रवारी कामगारांची बस चौक बघायला जाते, असं पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. त्याच आठवड्यात शहरात लष्करी कायदा लागू झाला आणि बस रद्द झाली. पुढच्या शुक्रवारी संप. त्याच्या पुढच्या शुक्रवारी दंगल. त्र्यंबकनं कडक इस्त्रीची पँट घालून दर शुक्रवारी फाटकापर्यंत जावं आणि परत येऊन ती पँट गादीखाली ठेवावी. शेवटी देशात क्रांतीच व्हायला आली, तेव्हा सगळ्यांना गोळा करून घरी धाडलं. म्हणजे इस्फहानात या माणसानं पाहिलं काय? कारखाना, कँटीन आणि खोलीच्या खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी. हे सरलाला पुढे राजाराम नावाच्या फोरमननं सांगितलं. तोही त्याच तुकडीत होता आणि त्याला खरं बोलायची खोड होती.

पण राजाराम भेटायच्या आधी त्र्यंबक मिरजेला पोचला होता. घर माणसांनी भरलेलं. नवी नवरी स्वयंपाकघराच्या दारात उभी. लग्न होऊन नवरा समोर असा किती दिवस होता, तर बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यावरून मोठ्या जावेनं महिनोन् महिने तिला टोमणे मारून घेतलेले. त्या जावेनंच सगळ्यांदेखत विचारलं, "काय भावजी, एवढ्या लांब जाऊन पाहिलंत तरी काय? का कारखानाच बघून आलात?"

त्र्यंबकनं दाराकडे पाहिलं. सरलाचं तोंड एवढंसं झालं होतं. मग त्यानं खाकरून घसा साफ केला आणि चौक सांगायला सुरुवात केली. हौद, मशिदी, राजवाडा, सायकलवाला हसन. जाऊ गप्प. सासूचा ऊर भरून आलेला. आणि गोष्ट संपल्यावर त्र्यंबक सगळ्यांसमोर म्हणाला, "पुढच्या खेपेला हिला नेणार आहे दाखवायला." त्या काळच्या मिरजेत हे वाक्य म्हणजे धाडसच होतं.

येताना त्यानं गझचा डबा आणला होता. गझ म्हणजे पिस्ते घातलेली पांढरी, चिवट मिठाई, दाताला लागली की सुटता सुटत नाही. डबा पत्र्याचा, गोल. आठवड्याभरात मिठाई संपली आणि सरला डबा घासायला बसली. झाकणावर रंगीत चित्र होतं. मध्ये लांबलचक हौद, समोर निळी मशीद, डावीकडे सायीचा घुमट, उजवीकडे राजवाडा. हौदाच्या काठाशी एक सायकलवाला. एक पाय जमिनीवर, एक पेडलवर. झाकणाच्या आतल्या बाजूला इंग्रजीत चार ओळी, त्यात पोलो.

तिनं झाकण दोनदा घासलं. मग ओच्यानं कोरडं केलं, डब्यात सुईदोरा ठेवला आणि या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. एखाद्या नवऱ्यानं बायकोची मान वर राहावी म्हणून चार माणसांत इतकं सुंदर खोटं बोलावं, याचं तिला फार अप्रूप वाटलं. रागाचा लवलेशही नव्हता. नवऱ्यावर तिचं प्रेम बसलं ते त्या घासणीच्या कट्ट्यावर बसलं, असं म्हटलं तरी चालेल.

डबा अमेरिकेत आला. सुई, दोरे, बटणं, हुक, सगळं त्यातच. काकांना उभ्या जन्मात सुईत दोरा ओवता आला नाही, पण घरी पाहुणे यायचे असले की आदल्या संध्याकाळी ते हटकून म्हणायचे, "सरला, जरा तो शिवणाचा डबा दे गं. बटण लावायचंय." आणि डबा घेऊन बाथरूममध्ये जायचे. एकदा तर अंगात टी-शर्ट होता. काकू निमूटपणे डबा द्यायच्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलाला कोणी अडवतं का? एकदा शेजारच्या शोभाताई डबा हातात घेऊन झाकण न्याहाळायला लागल्या. तेव्हा काकूंनी तो अलगद काढून घेतला, आणि त्याच आठवड्यात डब्यावर क्रोशाची घट्ट टोपी विणून घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची. काकांनी ती टोपी पाहिली, "छान आहे," म्हणाले, आणि पुढच्या उजळणीला काढून, पुन्हा उलटी घालून ठेवली.

मात्र एक गोष्ट काकूंच्या मनात राहून गेली होती. झाकण बघून बघून त्यांना तीन बाजू पाठ झाल्या होत्या. चौथ्या बाजूला काय असेल, याचा त्या पोळ्या लाटताना कधी कधी विचार करायच्या.

असं सगळं सुरळीत चाललं असताना दोन हजार सात सालच्या मार्च महिन्यात राजसचा, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलाचा, शिकागोहून फोन आला. लग्न ठरवलंय. मुलीचं नाव नीलूफर. फिजिकल थेरपिस्ट आहे.

"नीलूफर म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"शी इज पर्शियन, आई. तिचे पेरेंट्स तुमच्या बाजूलाच राहतात, फार्मिंग्टन हिल्सला. डॅड डेंटिस्ट आहे. आणि गेस व्हॉट, ते इस्फहानचे आहेत! राइट नेक्स्ट टू द स्क्वेअर!"

दुसऱ्या फोनवर काका होते. "अरे वा," ते म्हणाले. त्यापुढे काही नाही. इस्फहान शब्द कानावर पडूनही खांबेटेकाका गप्प बसले, असं या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

"रविवारी लंचला येतायत," राजस म्हणाला. "आणि बाबा, प्लीज, नो इस्फहान स्टोरीज, ओके? तो माणूस तिथे वाढलाय. ही विल नो."

त्या आठवड्यात काकांनी रोज बटण लावलं. काकू सणाएवढी तयारी करत होत्या, पण लक्ष ठिकाणावर नव्हतं. सून इराणी आली काय, कोकणी आली काय, त्यांना फरक पडत नव्हता. मुलीचा आवाज फोनवर गोड वाटला होता. भीती एकच होती. व्याह्यांसमोर, होणाऱ्या सुनेसमोर आणि पोटच्या मुलासमोर आपल्या नवऱ्याची फजिती होणार. इतकी वर्षं सांभाळलेला माणूस एका जेवणात उघडा पडणार. आणि तो गप्प बसून सुटेल म्हणावं, तर गप्प बसलेले खांबेटेकाका म्हणजे आजारीच दिसायचे. रविवारी सकाळी काकूंनी डबा टोपीसकट उचलला आणि कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकून दार लावून घेतलं.

पाहुणे वेळेवर आले. नीलूफरचे वडील हूशंग उंच, पांढऱ्या मिशांचे, सुटाबुटातले. पत्नी परवीन बुटक्या, शांत, डोळ्यांत हसणाऱ्या. नीलूफर दोघांच्या मध्ये उभी. बाहेर बर्फ वितळून चिखल झालेला, वारा बोचरा, आणि दारात सुरू झालं की आत आधी कोणी जायचं.

"आपण आधी," हूशंग इंग्रजीत म्हणाले.

"छे, छे, आपण पाहुणे," काका म्हणाले.

"आपल्या आधी मी? शक्यच नाही."

काकाही मिरजेचे. आग्रहात हार जाणं त्यांच्या घराण्यात नव्हतं. हीटर घरघरत राहिला, घर गार पडलं, शेवटी परवीनबाईंनी नवऱ्याला पाठीमागून ढकललं.

आत आल्यावर काकांनी बोलायला काहीतरी हवं म्हणून हूशंगरावांच्या घड्याळाचं कौतुक केलं. हूशंगरावांनी तत्क्षणी घड्याळ काढून पुढे धरलं. "आपलंच आहे. घ्या."

इराणी माणूस असं म्हणतो ते तोंडदेखलं असतं, समोरच्यानं तीनदा नको म्हणायचं असतं, हे इराणात आठवडाभर राहिलेल्यालाही कळतं. पण काका राहिले होते कँटीनमध्ये. नको म्हटलं तर अपमान होईल आणि आपलं पितळ उघडं पडेल, या धास्तीनं त्यांनी "थँक यू," म्हणून घड्याळ घेतलं आणि दुसऱ्या मनगटावर बांधलं. राजसनं डोळे मिटून घेतले. पुढचं सगळं जेवण काकांनी दोन घड्याळं घालून वाढलं.

पाडवा आणि त्यांचं नवं वर्ष एकाच आठवड्यात, म्हणून बेत श्रीखंड-पुरीचा होता. आग्रह मात्र छान जमला. पाहुणे तीनदा नको म्हणत, काकू तीनदा वाढत, दोन्ही पक्षांना आपापल्या घरी असल्यासारखं वाटत होतं. पण पुरुषांचं काहीतरी बिनसलेलं होतं. ते बर्फाबद्दल बोलले, ब्रेकबद्दल बोलले, दातांना कीड का लागते यावर बोलले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसे काका इस्फहानच्या वाटेवरचा प्रत्येक विषय टाळत होते. इराण हा देशच नकाशावर नसल्यासारखं चाललं होतं. नवल म्हणजे हूशंगरावही ते नाव काढत नव्हते.

न राहवून नीलूफर म्हणाली, "बाबा, टेल देम अबाउट द स्क्वेअर!"

इराणी मुलीही बापाला बाबाच म्हणतात. दोन्ही बाबांनी दचकून वर पाहिलं.

"खांबेटेसाहेबांनी सांगावं," हूशंगराव घाईघाईनं म्हणाले. "ते तिथे राहिलेले आहेत."

"आपण तिथले," काका म्हणाले. "आपण सांगा."

"आपल्यासमोर माझी काय योग्यता?"

"नाही, नाही, आपला पहिला मान."

"बाबा!" राजस आणि नीलूफर एकदम ओरडले.

मग दोघांनी एकेक पाऊल टाकत सुरुवात केली, शेवाळलेल्या दगडावरून चालावं तशी. हूशंगराव म्हणाले, मध्ये हौद आहे. काका म्हणाले, आहे. लांबलचक. काका म्हणाले, समोर निळी मशीद. हूशंगराव म्हणाले, अगदी समोर. डावीकडे सायीचा घुमट. डावीकडेच. उजवीकडे राजवाडा. बरोबर, बरोबर. दोघांच्याही चेहऱ्यावर रंग चढायला लागला. सगळं तंतोतंत जुळत होतं. काकांचे हात वळायला लागले, आवाज चढला, आणि काकूंना वाटलं, सुटलो, आज सुटलो.

"आणि हौदाच्या काठाशी," हूशंगराव भरात येऊन म्हणाले, "आमच्या गल्लीतला बेकरीवाला रोज सायकल घेऊन उभा असायचा..."

"एक पाय जमिनीवर," काका म्हणाले.

"एक पेडलवर," हूशंगराव म्हणाले.

दोघे थांबले. काकूंच्या हातातला श्रीखंडाचा चमचा हवेतच राहिला.

"वेट," राजस म्हणाला. "तो हसन ना? बाबा, तुमचा हसन स्कूल टीचर होता."

दोन म्हातारे एकमेकांकडे बघत होते. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. हूशंगरावांची मिशी थरथरत होती.

"सकाळी बेकरी," काका हळूहळू म्हणाले, "दुपारी शाळा."

"फार कष्टाळू माणूस," हूशंगराव म्हणाले.

नीलूफरला हे भलतंच आवडलं. "सो स्वीट! तुम्ही दोघं त्याच माणसाला ओळखत होता!" आणि राजसनं, देव त्याचं भलं करो, नेमकं तेच विचारलं. "ओके, दॅट्स थ्री साइड्स. चौथ्या बाजूला काय आहे?"

"तिकडे काही विशेष नाही," दोन्ही बाबा एका सुरात म्हणाले.

हूशंगरावांची मुलगी बापाकडे बघायला लागली. तिच्या कपाळावर लहानशी आठी उमटली. गल्लीतला बेकरीवाला आठवतो आणि घराजवळच्या चौकाची चौथी बाजू आठवत नाही, असं कसं?

इतका वेळ गप्प असलेल्या परवीनबाईंनी चमचा ताटात ठेवला. "चौथ्या बाजूला बाजाराचा दरवाजा आहे," त्या म्हणाल्या. "आत तांबटांची दुकानं. माझ्या आजोबांचं तिथेच होतं. दिवसभर तांब्यावर हातोड्या पडायच्या, शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडून बोलावं लागे. संध्याकाळी एकेक दुकान बंद व्हायचं आणि ठोके थांबायचे. मग मी दरवाजातून बाहेर यायचे, तेव्हा चौक एकदम मोठा झाल्यासारखा वाटायचा." मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पुरुषांना तिकडे काय विशेष असणार? भांडी घ्यायला आम्हीच जातो."

काय तो बाण मारला बाईंनी! सगळे हसले, नीलूफरच्या कपाळावरची आठी गेली. काकू मात्र हसल्या नाहीत. चौथी बाजू होती. त्या बाजूला माणसं होती, आवाज होता, एक लहान मुलगी होती.

"ओह, गिफ्ट!" नीलूफरला आठवलं. तिनं पिशवीतून चकचकीत कागदात बांधलेली गोल वस्तू काढली. "काकांना इस्फहान आवडतं म्हणून मी पर्शियन ग्रोसरीतून आणलं. इट्स अ सरप्राइज. मामानलाही माहीत नाही." मामान म्हणजे तिची आई.

राजसनं कागद फाडला. गझचा डबा. गोल, पत्र्याचा. कंपनीनं तीस वर्षांत चित्र बदलायची तसदी घेतली नव्हती. त्यानं झाकण काढलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं, चित्र वर.

काकूंचा हात झाकणाकडे झेपावला. त्याच क्षणी समोरूनही एक हात आला. दोन्ही हात सायकलवाल्यावर आपटले. काकूंनी वर पाहिलं तर परवीनबाई त्यांच्याकडे बघत होत्या. नवऱ्याला गाडीखाली येता येता ओढून घेतल्यावर बायको बघते ना, तशा. आणि काकूंना सगळं कळलं.

त्यांनी श्रीखंडाचं मोठं भांडं उचललं आणि दाणकन झाकणावर ठेवलं. "गरम भांड्याखाली काहीतरी हवं, नाहीतर टेबलाला डाग पडतो."

"आई," राजस म्हणाला, "श्रीखंड थंड असतं."

"तू पुरी खा," काकू म्हणाल्या.

दोन्ही बाबा एकदम बर्फाबद्दल बोलायला लागले.

स्वयंपाकघरात दार लोटून घेतल्यावर दोघी आधी पोट धरून हसल्या. काकूंनी ड्रायरमधून डबा काढला, क्रोशाची टोपी उचलली आणि झाकण दाखवलं. परवीनबाईंनी कपाळावर हात मारला. "आमच्याकडेही याच डब्यात बटणं असतात! मी त्याला कापडाचं कव्हर शिवलंय!"

"तुमचे मिस्टर इस्फहानचे ना?"

"हूशंग? तो आबादानचा. तेलाच्या रिफायनरीचं गाव. उकाडा आणि धूर. इस्फहानला त्यानं पाऊल ठेवलेलं नाही. आम्ही डेट्रॉइटला कॉलेजात भेटलो, मग तिकडे क्रांती झाली, जाणं राहिलंच." त्या टोपीवरून बोट फिरवत राहिल्या. "सुरुवातीला मला घरची आठवण आली की मी रडायचे. मग तो हा डबा घेऊन समोर बसायचा आणि मला माझाच चौक सांगायचा. चुकीचा. त्या बेकरीवाल्यासकट. मला रडताना हसू यायचं. पुढे नीलूफर झाली, तिला सांगताना तो तिथेच जन्मला आणि वाढला. मी कशाला मोडता घालू? तो चौक त्यानं माझ्यासाठी बांधलाय."

काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. विहिणी-विहिणी म्हणून जे काय व्हायचं ते तिथे, मिक्सरशेजारी उभ्या उभ्या होऊन गेलं. मग काकूंनी कुंकवाची कोयरी आणली आणि परवीनबाईंनी ओळखीचं असल्यासारखं कपाळ पुढे केलं.

बाहेर आल्या तर टेबलावर नवंच प्रकरण शिजत होतं. राजस म्हणत होता, "आय ॲम सीरियस. लग्नानंतर सगळ्यांनी जायचं, इस्फहानला. यू टू कॅन बी अवर गाइड्स!" नीलूफर टाळ्या वाजवत होती. दोन गाइड एकमेकांकडे असे बघत होते की कसाईखान्याच्या रांगेतल्या बोकडांनीसुद्धा तसं बघू नये.

"या वयात इतका लांबचा प्रवास..." काका म्हणाले.

"माझे गुडघे," हूशंगराव म्हणाले. ते दरवर्षी स्कीइंगला जात.

"मी येणार," परवीनबाई म्हणाल्या.

"मीपण," सरलाकाकू म्हणाल्या. "मला चौथी बाजू बघायची आहे."

निघताना काकांनी घड्याळ परत दिलं. हूशंगरावांनी तीनदा नको म्हटलं. काकांनी पुरीच्या आग्रहानं चौथ्यांदा त्यांच्या खिशात कोंबलं. मग दोघे म्हातारे चिखलात उभे राहून एकमेकांना कडकडून भेटले आणि बराच वेळ सुटेचनात. मुलांना वाटलं, इस्फहानची आठवण.

गाडी गेली. राजस नीलूफरबरोबर गेला. घरात काकू भांडी विसळत होत्या आणि काका फडक्यानं पुसत होते. हा माणूस इतका वेळ गप्प राहिलेला काकूंना बघवत नव्हता.

"सरला," शेवटी काका म्हणाले. ताट पुसून कोरडं ठणठणीत झालं होतं तरी ते पुसतच होते. "समजा गेलो आपण तिकडे. इतक्या वर्षांनी सगळं बदललेलं असणार. तो सायकलवाला... तो नसला तर?"

"नसला तर नसला," काकू म्हणाल्या. "सायकल भाड्यानं मिळेल. तुम्ही उभे राहा हौदाच्या काठाशी, एक पाय पेडलवर ठेवून. मी बाजाराच्या दरवाज्याकडे पाठ करून फोटो काढते. चित्र तिथूनच काढलेलं आहे."

काकांच्या हातातलं फडकं थांबलं. ते काकूंकडे बघत राहिले, मग खिडकीवरच्या डब्याकडे. परवीनबाईंना दाखवून झाल्यावर काकूंनी टोपी परत घातलीच नव्हती.

"तुला कधीपासून..." काकांनी विचारलं.

"मिरजेपासून," काकू म्हणाल्या. "पुसून झालं ते ताट. दुसरं घ्या."

काकांनी दुसरं ताट घेतलं. ते पुसता पुसता त्यांचे डोळे भरून आले, आणि फडकं हातात असल्यामुळे त्यांनी त्यानंच ते पुसले.